माय गेल्याचा खेळ

लताबाई दोरीखालून वाकून मैदानात शिरली तेव्हा गिरधर सायकलवर बसूनच दाढी करत होता. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात रेझर, समोर हँडलला बांधलेला आरसा. सायकल इतकी हळू चालली होती की चाकाच्या तारा वेगळ्या दिसाव्यात. जोरात कुणीही चालवतं. हळू चालवताना तोल सांभाळणं कठीण. फिरून फिरून चाकांनी जमिनीत गोल चर पाडला होता. त्याच्या कडा ताटाच्या काठासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

दोंडाईच्याचा बाजार होता. दोरीभोवती लोक दाटून उभे होते.

"उनी रे, उनी!" टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई लताबाईकडे बोट करून शेजारणीला म्हणाली. "आते हाई रडी. मी शिरपूरले देखेल शे."

टेबलापाशी वना माईक घेऊन उभा होता. तो आणि गिरधर धुळ्याच्या मिलमध्ये एकाच खात्यात होते. मिल बंद पडली तेव्हा एकाने सायकल धरली, दुसऱ्याने माईक. लताबाईला पाहून त्याने माईकवर हात ठेवला.

"वहिनी, आते? आपलं तं संध्याकायनं ठरेल व्हतं ना?"

"वनाभाऊ, माय गयी."

"हां, चालस. बजारनी गर्दी शे, आतेज करी टाकू."

"खरंज गयी, वनाभाऊ. आज सकायले."

"अस्साच आवाज ठेव," वना म्हणाला आणि त्याने माईकवरचा हात काढला. "बंधू आणि भगिनींनो! शांत व्हा! धुळ्याहून एक वाईट निरोप आलेला आहे!"

चालू गाणं बंद झालं. त्याने उदास गाण्याची कॅसेट लावली.

गावोगाव गिरधर काही दिवस-रात्र सायकलवरून न उतरण्याचा खेळ करी आणि प्रत्येक गावात हेच होई. सायकलवरून उतरायचा दिवस जवळ आला की त्याची बायको लताबाई केस मोकळे सोडून अनवाणी धावत येई, माय गेली म्हणून हंबरडा फोडी, कुंकवाची शपथ घालून त्याला उतरायला सांगे. गिरधर रडे, पण उतरत नसे. मग बायका पदराने डोळे पुसत आणि चिल्लर पडे. ही कल्पना मुळात गिरधरच्या मायचीच. मिलचा भोंगा थांबल्यावर घरात सगळे तोंड पाडून बसले होते, तेव्हा ती, बेबाबाईच, म्हणाली होती, "मरानी खोटी बातमी उठनी का आयुष्य वाढस. मारा माले गावोगाव." ते घरी परतले की ती आधी विचारी, "कशी मरनी मी? लोके रडनात का नही?"

आता ती चाळीच्या ओट्यावर होती, चादरीखाली. चाळीतले लोक म्हणाले होते, आम्ही बसतो इथे. दिवस मावळायच्या आत लेकाला घेऊन ये. एकुलता एक लेक होता.

लताबाई नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. "अहो, उतरा. माय गयी."

गिरधर फेरा घेत तिच्याजवळून गेला. ओठ न हलवता म्हणाला, "केस सोडाना राहिनात तुन्हा." मग मान वर करून ओरडला, "मी पब्लिकले शबद देल शे! उतरनार नही!"

टाळ्या पडल्या. एक नाणं तिच्या चपलेजवळ येऊन पडलं.

"तुमले कुंकवानी..." ती म्हणाली आणि थांबली. हेही खेळातलंच होतं. रडू येत होतं, तेही खेळातलं होतं. अमळनेर, पारोळा, शिरपूर, सगळीकडे तिने मेलेल्या माणसासाठी बोलायचं जेवढं असतं तेवढं बोलून टाकलं होतं. तिने पदराने डोळे कोरडे केले. सायकल पुन्हा जवळ आली तेव्हा ती पुढे झाली आणि चराच्या कडेने, सीटला हात लावून, त्याच्याबरोबर चालू लागली.

असं ती कधी करत नसे. वना माईकवर काही बोलायला गेला आणि अडखळला.

"काय करी राहिनी?" गिरधर दातांत म्हणाला.

ती चुलीपुढे बसून बोलावं तशी बोलली. "सकायले चहा मांगा तिनी. घरमा साखर नव्हती. मी कुंदाबाईकडे वाटीभर मांगाले गई. इसन देखं तं..."

सायकल अर्धा फेरा फिरली. गिरधरच्या एका गालावर फेस तसाच होता.

"मंग, चहा?" त्याने विचारलं.

"चुलावरज शे."

चाक थांबलं. सायकल कलली आणि त्याचा पाय जमिनीला लागला.

"उतरना! उतरना रे!" कुणीतरी ओरडलं. कुणी शिट्टी वाजवली, कुणी फसवलं म्हणून शिव्या घातल्या. टोपलीवाली बाई मात्र पदर डोळ्यांना लावून शेजारणीला सांगत होती, "शिरपूरले नही उतरना व्हता. हाऊ खेय नवा शे."

वना कॅसेट बंद करायचं विसरला होता.

एस.टी. स्टँड समोरच होतं, दोरीच्या पलीकडे, नाकासमोर चालत जाण्याइतकं. गिरधरने सायकल आडवी पडू दिली आणि तो चालायला लागला. पहिलं पाऊल सरळ पडलं. दुसरं डावीकडे वळलं, तिसरं आणखी वळलं. स्टँडकडे बघत बघत तो चरातूनच गोल चालला होता.

लताबाईने त्याचं मनगट धरलं आणि त्याला बाहेर ओढलं.