मूळ न आलेली सून

"मूळ आलं का गं?" शेजारच्या अंबाबाईने विहिरीवर पुन्हा विचारलं. जयाने कळशी उचलली आणि घरची वाट धरली.

पहिलटकरणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, ते मूळ. दिवाळी उलटली, आठवा महिना लागला, तरी पळसदरीला जयाचं मूळ काही आलं नव्हतं.

सासू गौराबाई तोंडाची फटकळ. "मूळ नक्षत्रावरची पोर, तिला कुठलं मूळ?" असं ती चारचौघींत म्हणे. कापणीच्या धांदलीत तिने जयाला आठवडाभर खोपोलीला नणंदेकडे ठेवलं होतं. तिथून परतल्यापासून जया धड जेवत नव्हती.

"आत्या, माजी मान्सं मला इसरली," ती एकदा म्हणाली.

ते मात्र गौराबाईला लागलं. टोमणे मारणं वेगळं, आणि दोन जिवांची सून उपाशी निजलेली बघणं वेगळं. या गोष्टीच्या मुळाशी जायचंच, असं ठरवून ती माथेरानच्या पायथ्याला, सुनेच्या माहेरच्या वाडीवर गेली.

जयाचा बाप पावसाळ्यात वारला होता. घरात म्हातारी आई चिंधी आणि भाऊ पदू. पदू माथेरानला हातरिक्षा ओढायचा, बहिणीच्या लग्नालाही त्याला सुट्टी मिळाली नव्हती. त्याचा चेहरा गौराबाईला ओळखीचा वाटला. जयाच्याच तोंडावळ्याचा, तिने मनाशी म्हटलं.

चिंधीने चहा ठेवला. गौराबाईने तो घेतला नाही.

"लाज कशी वाटत नाय रं? भन तिकडं झुरून चाललीय, आन तू हितं घरात?"

पदू उठून उभा राहिला.

"आलो व्हतो, मावशी."

"कदी?"

"कापनीला. अंगनात गडी हुबे व्हते, त्यांच्यात मीबी हुबा ऱ्हायलो. तुमी काय न इचारता माज्या हातात इळा दिलात."

 लाजेने गौराबाईला वर बघवेना.

"मंग सांगायचं नाय? जयाचा भाव हाय म्हनून?"

"दुपारी सांगनार व्हतो. पन तुमी मला परसात जेवाया बसवलं, शिळी भाकर वाढली. आता बोललो तं एवढ्या मान्सांत मावशीची मान खाली जाईल, असं वाटलं. म्हनून दिस मावळंपरेंत कापत ऱ्हायलो, आन तुमी वळखाल म्हनून पुन्यांदा आलो नाय."