खुर्चीपुढचा ग्लास

शिपायाने सगळ्या सदस्यांपुढे पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि अध्यक्षांशेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे नळाच्या पाण्याचा ग्लास. ती खुर्ची अजून जन्माला न आलेल्यांची. कुठल्याही मतदानाआधी तिला हरकत विचारायची, मिनिटभर थांबायचं, मगच हात वर करायचे, असा नगरपालिकेचा जुना नियम. "तिला कशाला बाटली? प्यायला येतंय कोण?" असं अध्यक्ष एकदा म्हणाले, तेव्हापासून ग्लास.

आज खुर्चीवर कारखान्याकडून आलेले सुक्या मेव्याचे डबे रचले होते.

विषय एकच. कारखान्याचं सांडपाणी आणखी पन्नास वर्षं तळ्यात सोडू द्यायचं. नळाला पाणी त्याच तळ्याचं. शिपायाच्या लेकीला सातवा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी नळाचं पाणी बंद सांगितल्यापासून तो रोज सायकलला दोन कॅन अडकवून टेकडीपलीकडून पाणी आणत होता.

"पन्नास वर्षांनी आपण कुठे असणार?" एक सदस्य डबा उघडत म्हणाला.

"वर," दुसरा म्हणाला. "तिथलं पाणी चांगलं असतं म्हणतात."

हशा पिकला.

अध्यक्ष ठराव वाचत होते. वाचता वाचता घसा कोरडा पडला. कागदावरची नजर न काढता त्यांनी हात लांबवला, हाताला लागला तो ग्लास उचलला आणि मोठा घोट घेतला. तोंड वेडंवाकडं झालं. थुंकायला जागा दिसेना. तेव्हा त्यांनी तो घोट ग्लासातच परत थुंकला आणि ग्लास होता तिथे ठेवून दिला.

"शी! काय रे हे?"

"नळाचं आहे, साहेब."

"आधी सांगता येत नाही?"

त्यांनी बाटली तोंडाला लावून निम्मी संपवली. रुमालाने ओठ पुसले. मग खुर्चीकडे वळून अदबीने विचारलं, "पुढच्या पिढ्यांची काही हरकत?"

मिनिट सुरू झालं. कोणीतरी बदाम चावत होतं, तेवढाच आवाज. ग्लासात पिवळट पाण्यावर थुंकीचा फेस तरंगत होता.

"हरकत नाही. लिहा," अध्यक्ष कारकुनाला म्हणाले.

"आहे, साहेब," शिपाई म्हणाला.

"तुला कोणी विचारलं? खुर्ची काही बोलली का?"

शिपाई पुढे झाला. खुर्चीवरचे डबे उचलून त्याने एकेक करून जमिनीवर ठेवले. मग ग्लास दोन बोटांत धरून अध्यक्षांच्या पुढ्यात, ठरावाच्या कागदावर ठेवला.

"हे त्यांच्याकडून परत आलंय, साहेब," तो म्हणाला. "उष्टं नको म्हणतात."