पांढरी रेघ

नट आवळला की त्याच्यावरून पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, ही त्याची पद्धत. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट सरकला. जुनी जीप त्याने अशीच वीस वर्षं स्वतःच्या हाताने राखली होती.

आज सकाळी प्रत्येक पिवळ्या रेघेशेजारी एक पांढरी रेघ होती. त्याच्या रेघेपेक्षा सरळ.

"माझं काम तपासणारा हा कोण टिकोजीराव?" तो बायकोवर उखडला. "तुझ्या भावाला सांग, माझ्या गाडीला हात लावायचा नाही!"

"तो महिनाभर परगावी आहे. आणि गॅरेजची किल्ली तुमच्याच खिशात असते."

तणतणत तो जीपखाली शिरला. एक नट काल आवळायचा राहिला होता. त्यावर पिवळी रेघ नव्हती, पण पांढरी होती, आणि नट गच्च बसलेला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. रॉकेलने घासूनही ती रेघ जाईना.

तो हात धूत असताना बायकोने विचारलं, "मनगटाला काय लागलंय?"

मनगटावरून तळव्यापर्यंत पांढरी रेघ होती. शिव्या घालत तो साबणाने घासत राहिला, मग एकदम थांबला.

हात अगदी सरळ धरला, तरी सांध्यापाशी रेघेचे दोन तुकडे जुळत नव्हते.