टीव्हीचा आवाज

दिवाळीच्या करंज्या सगळ्या घरानं टीव्हीवरची मालिका बघत भरायच्या, हा आक्कांचा नियम. यंदा मात्र मालिका लागली की सून आवाज वाढवायची आणि नवऱ्याशी कुजबुजायची. दोघांची खलबतं आपल्याला ऐकू येऊ नयेत म्हणूनच हा डाव, हे आक्कांनी ताडलं.

"कान किटले माझे," म्हणत त्यांनी आज रिमोट हिसकावला, टीव्ही गप्प होईपर्यंत बटण दाबलं आणि कान टवकारले.

कुणीच कुजबुजत नव्हतं. पडद्यावरच्या सासूचे नुसते ओठ हलले आणि सगळे खदखदून हसले. "आज्जी, ही तुझ्यासारखीच बोलते की," मांडीवरची नात कानाशी म्हणाली.

म्हणजे टीव्ही गप्प झालाच नव्हता.

आक्कांच्या हातातल्या करंजीला मुरड घालायची राहिली. रिमोट सुनेकडे सरकवत त्या म्हणाल्या, "वाढव गं आवाज. शेजारणीच्याही कानावर चार चांगले शब्द पडू देत."