ढिगाऱ्यातला कोळसा

गणेशकुमार एकटाच आत आला, तेव्हाच राजलक्ष्मीनं ओळखलं की काही सापडलेलं नाही. काही हाती लागलं असतं, तर पुतण्या चार वडीलधारी माणसं बरोबर घेऊन आला असता. तिनं त्याला वाफाळती कापी दिली. त्यानं ती तशीच निवू दिली.

तिचा नवरा प्रतापसिंह तंजावरपासून दोन दिवसांच्या वाटेवर, एका कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होता. खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीचा ढिगारा मोजायला गेला आणि पावसानं तो ढिगाराच त्याच्या अंगावर आला. कंपनीनं काही दिवस शोधलं, मग उपसणं धोक्याचं आहे म्हणून हात टेकले. पुढं कोळसा महागला. त्या टाकाऊ मातीत बराच कोळसा राहून गेलाय, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि माणसासाठी जो ढिगारा धोक्याचा होता, तो कोळशासाठी बिनधोक ठरला. त्याच कंपनीत नोकरीला असलेल्या गणेशकुमारनं मुद्दाम तिथं बदली मागून घेतली.

भटजी दर वर्षी सांगत, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्या, जीव अडकून राहिलाय. राजलक्ष्मी ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी नेमानं कुंकू लावी. गवताला नवरा म्हणायचं तिच्या जिवावर येई. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या बायका तिला ओटी भरायला बोलवावं की नाही, या पेचात पडत. तेही तिला दिसे. तिचं मागणं एवढंच होतं. हाड असो, बूट असो, त्यांचं खरं काहीतरी जाळायला मिळावं.

"ढिगारा अस्का संपला, काकी, पार तळापर्यंत," गणेशकुमार म्हणाला. "खाली जमीन लागली."

मग तो सांगत राहिला. माल आधी क्रशरमध्ये भरडला जातो, मग लोहभुकटी कालवलेल्या जड पाण्यात जातो. दगड तळाला बसतो, कोळसा वर तरंगतो. तो रोज माल वाहणाऱ्या पट्ट्याशी उभा असे, पण पट्टा कुणासाठी थांबत नाही, आणि भुगा झालेलं ओळखायचं तरी कसं? बोलता बोलता त्याला रडू फुटलं. तिला मात्र रडू येईना, आणि त्याची तिला लाज वाटली.

"हाड वर येतं, की तळाला बसतं?" तिनं विचारलं.

"जुनं, सुकलेलं असलं तर कोळशाबरोबर वर येत असेल."

"तो कोळसा कोठ जातो?"

"रेल्वेनं वीज केंद्रात. तो केव्हाच जळून गेला, काकी."

तिनं त्याची निवलेली कापी उचलून बाजूला ठेवली.

"मग अग्नी मिळाला त्यांना," ती म्हणाली. "भटजींना सांग, पुतळा नको. दहाव्याचं तेवढं बघा."

उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. तरी ती उठली आणि तिनं त्याच विजेवर डोक्यावर फिरणारा पंखा बंद केला.