आपोआप चालणारी बंगई

पत्नी तुळसाबाईंची तेरवी आटोपली, पोरी आपापल्या घरी गेल्या आणि रामाजी मास्तर रोजच्यासारखे पेपर घेऊन, मांडी घालून पडवीतल्या बंगईवर झोका घ्यायला बसले. बंगई हललीच नाही. कड्या गंजल्या असतील, घर्षण वाढलं असेल, म्हणून त्यांनी चारही कड्यांत तेल सोडलं. तरी ती जागची हलेना.

शेजारची प्रेमलता डबा घेऊन आली. "काय करून राहिले मास्तर?"

"पाह्य नं वं पोरी, इतके दिवस आपोआप चालत होती. आता काय झालं हिले?"

प्रेमलता जरा घुटमळली. "आपोआप कुठची, मास्तर? काकू बंगईवर तुमच्या बाजूला बसून भाजी निवडत, अन् पायानं रेटा देत राहत. तुम्हाले ठाऊक नव्हतं?"

थांबलेली वस्तू बाहेरून कोणी बळ लावल्याशिवाय हलत नाही, हे मास्तरांनी शाळेत जन्मभर शिकवलं होतं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, मांडी सोडली आणि जमिनीला पाय टेकवून रेटा दिला. बंगई निघाली, पण सगळं वजन एकाच बाजूला, म्हणून वाकडी. मधोमध सरकून बसलं की ती सरळ चालेल, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते सरकले नाहीत.