उस्तादांचे कान

टेबलावर दोन सायलेन्सर मांडले होते, एक लांब आणि एक आखूड. दोन्ही लावून गोळ्या झाडून झाल्या होत्या, तात्पुरत्या उभारलेल्या दारातून आत-बाहेरही करून झालं होतं. पोलीस पथकाच्या आखूड रायफलींना यातला कोणता घ्यायचा, ते रोशनीनं सांगायचं होतं. छापा पडला की दारातून पहिली आत शिरणार ती. तळेगावची पोरगी जिल्ह्याच्या पथकात सगळ्यांच्या पुढे, ही काही लहान गोष्ट नव्हती, आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं.

"आखूडवाला, सर. लांबवाला चौकटीले अडते. मंग रायफल तरी आखूड कशाले घेतली?"

"पण याचा आवाज जास्त आहे," निरीक्षक प्रभाकरराव म्हणाले.

"मी सोसून घेईन."

मागची पोरं खूश झाली. गोळीबाराच्या या मैदानावर कान झाकणारा तो कच्चा, असा जुना रिवाज. एवढ्या कापसाच्या मुलखात कानात घालायला चिमूटभर कापूस काही महाग नव्हता, पण घालायचा नाही म्हणजे नाही. त्यात आता सायलेन्सर आलेला, म्हणजे आवाज मेलाच, अशी सगळ्यांची पक्की समजूत. रोशनीनं मिळालेले कानाचे बोळे सकाळपासून खिशातच ठेवले होते. तिनं ते घातले असते तर पोरांनी तिला वर्षभर सोडलं नसतं.

रिवाज पाडला होता प्रेमदास उस्तादांनी. रोशनीचे बाबा. अर्ध्या जिल्ह्याच्या पोलिसांना नेम धरायला शिकवलेला माणूस. निवृत्त होऊनही आज त्यांना मानानं बोलावलं होतं, आणि तेही कडक इस्त्री करून आले होते.

"उस्ताद, तुम्ही काय म्हणता?" प्रभाकररावांनी मागून विचारलं.

प्रेमदासांनी मान वळवली नाही. रोशनीनं त्यांच्या दंडाला हात लावला तेव्हा कुठे ते वळले. साहेबांनी पुन्हा विचारलं.

"पोरीनं बराबर निवडला," ते म्हणाले. "पण हा एवढासा सायलेन्सर कान वाचवत नाई. बोळे घालाच लागतात."

"तुम्ही कधी घातले, उस्ताद?" पथकातला अंकुश हसत म्हणाला.

प्रेमदास त्याच्या तोंडाकडेच बघत होते. "नाई घातले. म्हणून मले ऐकू येत नाई. तू आता काय म्हटलं, ते तुये ओठ पाहून समजलं."

घरात बाबांची एक शिस्त होती: पाठीमागून बोलायचं नाही, समोर यायचं, मान वर करून बोलायचं. त्या शिस्तीचा रोशनीनं शाळेत केवढा तोरा मिरवला होता. इतका ताठ माणूस, आपलं उणं आज चारचौघांत बोलून गेला, आणि ते कोणासाठी हे तिला कळलं.

तिनं खिशातून बोळे काढले आणि सगळ्यांदेखत कानांत घातले. अंकुशचाही हात खिशाकडे गेला. आखूड सायलेन्सर लावलेली रायफल उचलून ती बाबांच्या अगदी समोर उभी राहिली.

"बाबा, मी पयली जाऊन राह्यली," ती सावकाश म्हणाली.

प्रेमदासांनी छाती पुढे काढली.

"दिसून राह्यलं मले," ते म्हणाले.